रिअल इस्टेटची पदवी: अभ्यासक्रमाची सुरुवात सातबाऱ्यापासून करा

अभ्यास मंडळाच्या पहिल्याच बैठकीत सहसा विषयांची यादी टेबलावर येते: अर्थशास्त्र, मार्केटिंग, कायदा, बांधकाम. ती बाजूला ठेवा. पदवी घेऊन बाहेर पडलेला विद्यार्थी नेमकं कुठलं काम करणार, हे आधी लिहून काढा. बिल्डरकडची जमीन खरेदी, प्रकल्पाचा हिशेब, महारेराची (राज्याच्या रिअल इस्टेट नियामक प्राधिकरणाची) कागदपत्रं, बँकेचं गृहकर्ज, इमारतींचं व्यवस्थापन यांतली दोन-तीन कामं निवडा आणि बाकीचा मोह सोडा.

माहितीपत्रकात 'व्हॅल्युअर' हा शब्द टाकण्याआधी 2017 चे नोंदणीकृत मूल्यांकक नियम वाचा. जमीन-इमारत या वर्गासाठी स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुकला किंवा नगररचनेची पदवी आणि अनुभव लागतो, नाहीतर नियमात बसणारं पदव्युत्तर शिक्षण. नुसत्या बीबीएवर ती नोंदणी होत नाही. तिसऱ्या वर्षी हे कळलं की पालक भांडायला येतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

श्रेयांकांचं (क्रेडिटचं) गणित लवकर मांडा. नव्या शैक्षणिक धोरणात सत्राला 20 ते 22 श्रेयांक मिळतात. एक श्रेयांक म्हणजे 15 तास व्याख्यान किंवा 30 तास प्रात्यक्षिक. भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, खुले विषय यांचा वाटा काढला की मुख्य विषयाच्या हाती मोजकेच उरतात. म्हणून जमिनीचे कागद आणि आर्थिक व्यवहार्यता या दोन विषयांना भरपूर तास द्या. मार्केटिंगला एक पेपर पुष्कळ झाला. साइटवर ते आपोआप शिकलं जातं.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या सत्रात चार-पाच विद्यार्थ्यांच्या प्रत्येक गटाला एक खरा गट नंबर (जमिनीच्या तुकड्याचा महसुली क्रमांक) द्या आणि तोच सहाव्या सत्रापर्यंत ठेवा. जमिनी कॉलेजपासून तासाभराच्या अंतरातल्या निवडा, पण सगळ्या निर्वेध, म्हणजे कायदेशीर अडचण नसलेल्या, नकोत. एक भोगवटादार वर्ग 2 ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी), एक विकास आराखड्यात आरक्षण पडलेली, एक वारसांची नावं लागलेली, एक शहरातली मिळकत पत्रिकेची (प्रॉपर्टी कार्डाची). निर्वेध जमिनीतून विद्यार्थी काहीच शिकत नाही.

पहिल्या सत्रात सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा), फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) आणि मोजणीचा नकाशा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे विद्यार्थी क्षेत्र आणि कब्जेदाराचं नाव वाचून थांबतो. बँकेचा बोजा, कूळ, विहिरीचा हिस्सा हे सगळं 'इतर अधिकार' या रकान्यात असतं, तिथे नजर जात नाही. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हेही याच सत्रात पक्कं करा. दुसऱ्या सत्रात सूची 2 (नोंदलेल्या दस्तांचा उतारा) काढून 30 वर्षांच्या व्यवहारांचा शोध. तिसऱ्यात युडीसीपीआर ही राज्याची बांधकाम नियमावली, म्हणजे झोन, रस्त्याची रुंदी, एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम चालतं), सामासिक अंतरं (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा). बृहन्मुंबईसाठी मात्र डीसीपीआर 2034 ही वेगळी नियमावली.

चौथं सत्र रोखप्रवाहाचं, आणि एक्सेल शीट इथेच फसतं. विद्यार्थी 80 लाखांचा फ्लॅट विकला की सगळी रक्कम बांधकामाला लावतो. रेरा कायद्याच्या कलम 13 प्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याआधी 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, म्हणजे 8 लाख. त्यातले 70 टक्के, 5 लाख 60 हजार, स्वतंत्र खात्यात जातात. ते फक्त जमीन आणि बांधकामाच्या खर्चासाठी, काम पूर्ण झालं असेल त्या प्रमाणात आणि अभियंता, आर्किटेक्ट, सीए यांच्या दाखल्यांवरच निघतात. बांधकाम रखडलं की पैसे खात्यात असूनही हाताशी नसतात. शीटमध्ये काम तीन महिने लांबवून खेळतं भांडवल कुठे आटतं ते दाखवायला लावा. नफ्याची टक्केवारी त्यानंतर विचारा.

पाचव्या सत्रात 4 श्रेयांकांचं, म्हणजे 120 तासांचं, कार्यप्रशिक्षण. विद्यार्थ्याला सेल्स ऑफिसात चहापाण्याला बसवू नये म्हणून प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेशी होणाऱ्या करारातच कामं लिहा: दोन शोध अहवाल वाचणं, एक दर पृथक्करण (बांधकामाच्या दराची साहित्य-मजुरीत फोड), महारेराचा एक त्रैमासिक अहवाल भरताना हजर राहणं. सहाव्यात त्याच गट नंबरचा व्यवहार्यता अहवाल आणि तोंडी परीक्षा. बाहेरच्या परीक्षकांत एक जमीन खरेदीतला माणूस हवाच.

शिकवायचं कोणी, हा अवघड भाग. निवृत्त दुय्यम निबंधक (दस्त नोंदणी अधिकारी) किंवा भूमी अभिलेखातले अधिकारी उत्तम शिकवतात, पण अनेकांकडे नेट-सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता नसते. यूजीसीच्या 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' तरतुदीत, मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपर्यंत, किमान 15 वर्षांचा अनुभव असलेले तज्ज्ञ घेता येतात. हा प्रस्ताव अभ्यासक्रमासोबतच विद्यापीठाकडे द्या, नंतर नको.

अभ्यासक्रमाच्या मूळ मसुद्यात एफएसआयचे आकडे, मुद्रांक शुल्काचे दर किंवा रेडी रेकनरचे (सरकारने ठरवलेले जमीन-घरांचे) भाव छापू नका. ते अधिसूचनेने बदलतात. तुमचा मसुदा विद्या परिषदेतून पुन्हा मंजूर व्हायला वर्ष जातं. मूळ मसुद्यात 'चालू नियमानुसार' एवढंच लिहा. आकड्यांचं परिशिष्ट वेगळं ठेवा आणि ते दर जूनमध्ये विभागाच्या पातळीवर बदलण्याचा अधिकार सुरुवातीलाच ठरावात मागून घ्या.