घाटात गाडी तापली, इंजिन गेलं: गॅरेजच्या चुकीनंतर काय करावं

मे महिन्यातली दुपार. बीडहून लातूरला निघालो होतो. सकाळीच गॅरेजात वॉटर बॉडी, म्हणजे वॉटर पंप, बदलून घेतलेली. मिस्त्री म्हणाला, "मालक, बिनधास्त जा, काही होत नाही." पाली मागे पडली, मांजरसुंब्याचा घाट सुरू झाला आणि तापमानाचा काटा अर्ध्यावरून वर सरकू लागला. एसी बंद केला. काटा 'एच'ला टेकला आणि मग एकदम खाली आला. मला हायसं वाटलं, गाडी तशीच वर दामटली. त्या दोन किलोमीटरात इंजिन गेलं.

काटा खाली का आला, हे मला नंतर कळलं. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणीच निघून गेलं की तो हवेत उघडा पडतो आणि कमी तापमान दाखवतो. तेव्हा वर गेलेला काटा अचानक पडला, तर गाडी थंड झाली असं समजू नका. पाणी संपलंय, चावी लगेच बंद करा.

गाडी थांबवणं

काटा नुसता वर चढतोय, वाफ नाही, आणि घाटात थांबायला जागा नाही, अशी वेळ आली तर एसी बंद करून हीटर फुल करा, पंखा जोरात लावा. मे महिन्यात हे ऐकायला वेडेपणाचं वाटतं. पण हीटर म्हणजे केबिनमधला छोटा रेडिएटरच, तो इंजिनाची थोडी उष्णता ओढून घेतो. तेवढ्यावर पहिली सुरक्षित जागा गाठायची, पुढचं गाव नव्हे.

मग अर्धा-पाऊण तास बॉनेटखाली कशालाही हात लावू नका. चालू इंजिनात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी, साधारण 90 अंशांच्या आसपास असतं आणि रेडिएटरच्या झाकणाच्या दाबामुळे उकळत नाही. तापलेल्या इंजिनात तर ते शंभरच्याही वर गेलेलं असतं. झाकण सैल केलंत की दाब जातो, पाणी क्षणात उकळतं आणि थेट तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायला धाब्यावरचं कुणीतरी धावून येईलच. त्याला हात जोडून थांबवा, त्यानं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, तडकतं.

गार झाल्यावर पाणी घालायचंच असेल तर आपलं बोअरचं पाणी अगदी अडचणीपुरतंच. त्यातला क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. मी आता पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटचा डबा डिकीतच ठेवतो.

हात लावण्याआधी फोटो

गाडी गार झाल्यावर मी वाकून पाहिलं. रेडिएटरच्या खालच्या होज पाईपला नवा क्लँप, म्हणजे पाईप आवळून धरणारी कडी, टाकायला हवा होता. तिथं तोच जुना, गंजलेला क्लँप पाईपच्या अगदी कडेला कसाबसा अडकलेला होता आणि त्याच्याखाली ओल. मी क्लँपाला हात न लावता चार फोटो काढले, किलोमीटरच्या आकड्याचाही एक. सकाळच्या बिलावर तारीख आणि किलोमीटर लिहिलेले होते. दोन्ही शेजारी ठेवले की गाडी दुरुस्तीनंतर किती चालली ते कुणीही सांगेल.

गॅरेजला फोन केला तर उत्तर ठरलेलं: "इकडंच आणा, फुकटात करून देतो." इथंच माणूस फसतो. ज्याच्या हातून चूक झाली त्यानेच इंजिन उघडलं, तर दोष दाखवणारा क्लँप संध्याकाळपर्यंत भंगारात जातो. गाडी टो करून दुसऱ्या मिस्त्रीकडे न्या आणि इंजिन उघडताना समोर उभे राहा. निघालेले पार्ट घरी न्या, आणि गाडी कशामुळे तापली हे लेटरहेडवर लिहून, सही-शिक्क्यासह घ्या. मूळ गॅरेजवाल्याला तपासणीची वेळ आधी व्हॉट्सॲपवर कळवा. तो आला नाही तरी बोलावल्याची नोंद राहते.

इंजिन वाचलं की गेलं?

ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर त्यात पाणी शिरलंय. रेडिएटरमध्ये बुडबुडे, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर ही हेड गॅसकेट, म्हणजे हेडखालचं पॅकिंग, उडाल्याची लक्षणं. सेल्फ मारून इंजिन फिरतच नसेल तर जाम झालंय, पुन्हापुन्हा सेल्फ मारू नका.

फक्त गॅसकेट गेली असेल आणि हेड थोडंच वाकलं असेल, तर लेथवर फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, काम भागतं. मात्र 'नुसती गॅसकेट बदलू' म्हणणाऱ्याला हेड सपाट आहे का ते पट्टी लावून दाखवायला सांगा. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर चरे पडले असतील, पिस्टन चिकटले असतील, तर फुल इंजिन काम किंवा दुसरं इंजिन. जुनं इंजिन घेताना कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी, समोर करून घ्या. इंजिन नंबर खोडलेला नको, विकणाऱ्याचं पक्कं बिल हवं आणि ते ज्या गाडीतून निघालं तिची कागदपत्रं हवीत. ती नसतील तर इंजिन कितीही स्वस्त असो, परत फिरा. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर पोलिसांपुढं तुम्हीच उभे राहणार.

भरपाई

गाडीचा नेहमीचा विमा अपघाताचे पैसे देतो, यांत्रिक बिघाडाचे सहसा नाही. तेव्हा मागायचं ते गॅरेजकडेच. आधी रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस: काय काम केलं, काय चुकलं, किती खर्च आला, पंधरा दिवसांत द्या. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 151 प्रमाणे ताब्यात दिलेल्या वस्तूची वाजवी काळजी घेणं गॅरेजवर बंधनकारक आहे, हेही त्यात लिहा. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते.

तरीही दाद लागली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोग आहे. घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करायची. गॅरेजला कामाचे दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी नाही, वकील सक्तीचा नाही. गॅरेज बीडला आणि तुम्ही लातूरला राहत असाल तर लातूरलाच तक्रार देता येते. काळीपिवळी चालवून पोट भरणाऱ्यालाही हा मार्ग खुला आहे, स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेली सेवा व्यावसायिक ठरत नाही. माझं प्रकरण तिथवर गेलं नाही. नोटीस पोचली, फोटो पाहिले आणि गॅरेजवाल्याने निम्मा खर्च सोसला. बाकीचा निम्मा मीच सोसला, कारण काटा वर गेल्यावर गाडी चालवली ती मीच. भरपाई मागताना समोरचा हाच मुद्दा काढणार, म्हणून तेही धरून चाला.

बसवताना आणि बसवल्यावर

इंजिन बदललं की नंबर बदलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्या. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेचं लेखी संमतीपत्र लागतं. मग विमा कंपनीलाही नवा नंबर कळवा. हे राहिलं तर पुढं क्लेम अडतो, गाडी विकताना तर हमखास.

इंजिन खाली उतरलेलंच असतं, म्हणून थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे कूलंट सोडणारी झडप), सगळे होज, नवे क्लँप आणि रेडिएटरची साफसफाई एकदमच उरकून घ्या. थर्मोस्टॅट काढूनच टाकू म्हणणारे मिस्त्री आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांचं ऐकू नका. कूलंट भरल्यावर हवा काढणं सगळ्यांत महत्त्वाचं. इंजिन चालू ठेवायचं, हीटर फुल, बुडबुडे थांबेपर्यंत वरून भरत राहायचं. पहिले हजार किलोमीटर जास्त रेस नको, जड ओझं नको, आणि रोज सकाळी गाडी थंड असताना पातळी बघायची.

नव्या इंजिनावर पहिल्यांदा तो घाट चढलो तेव्हा काटा अर्ध्यावरच होता. तरी मांजरसुंब्याच्या चौकात गाडी थांबवून टॉर्च घेतला आणि खाली वाकून क्लँपाखाली बोट फिरवलं. कोरडं होतं. मग चहा सांगितला.