'सेव्ह झालं' दाखवलं तरी फाईल कोरी? एफसिंकच्या या चुका टाळा

मागच्या जूनमधली गोष्ट. अप्पा बळवंत चौकात शाळेच्या पुस्तकांची ही गर्दी, तिथल्या ओळखीच्या एका काकांना मी बिलिंगचं छोटं सॉफ्टवेअर करून दिलंय, गुरुवारी दुपारी लाईट गेली, यूपीएसची बॅटरी उतरलेली, आणि परत चालू केल्यावर बघतो तर स्टॉकची फाईल शून्य बाईट. काका म्हणाले, "अरे, स्क्रीनवर तर सेव्ह झालं असं आलं होतं." आलं होतं खरं. चूक माझ्या कोडमध्येच होती.

राईट कॉल, म्हणजे प्रोग्रामने 'हे फाईलमध्ये लिही' असं सिस्टीमला सांगणं, यशस्वी झाला म्हणजे डेटा फक्त कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममध्ये पोचला. लिनक्सच्या डीफॉल्ट सेटिंगला तो साधारण ३० सेकंद जुना झाल्यावर डिस्कवर जायला निघतो. फाईल क्लोज केली तरी तेच, क्लोज झाल्यावर डेटा डिस्कवर असलाच पाहिजे असं पॉसिक्स (युनिक्ससारख्या सिस्टीम्सचं स्टँडर्ड) म्हणत नाही. सी भाषेतल्या एफफ्लश फंक्शनने पण बरेच जण फसतात, ते प्रोग्रामच्या बफरमधलं कर्नलकडे देतं आणि थांबतं. डिस्कवर पोचवायचं काम एफसिंक (fsync) या वेगळ्या कॉलचं.

माझी दुसरी चूक जास्त मोठी होती. मी जुनी फाईल रिकामी करून त्यातच नवीन डेटा लिहीत होतो. मध्ये लाईट गेली की जुनंही गेलं आणि नवीनही नाही. २००९ मध्ये एक्स्ट४ ही लिनक्सची फाईलसिस्टीम नवीन असताना याच सवयीमुळे कितीतरी लोकांच्या फाईली शून्य बाईटच्या झाल्या होत्या, नंतर कर्नलमध्ये त्यावर उपाय घातला, पण प्लीज त्या भरवशावर राहू नका. बरोबर क्रम असा: त्याच फोल्डरमध्ये टेम्पररी फाईल लिहा, तिला एफसिंक करा, मग रीनेम करून जुनीच्या जागी आणा, आणि शेवटी फोल्डरलाही एफसिंक करा, कारण फाईलचं नाव फोल्डरच्या नोंदीत असतं आणि ती नोंद वेगळी लिहावी लागते. हे शेवटचं जवळपास सगळेच विसरतात. टेम्पररी फाईल दुसऱ्या पार्टिशनवर ठेवलीत तर रीनेम चालणारच नाही, एरर येईल.

मॅकवर काम करत असाल तर तिथलं साधं एफसिंक ड्राईव्हच्या स्वतःच्या कॅशपर्यंतच नेतं, पुढे न्यायला एफ-फुल-एफसिंक (F_FULLFSYNC) वापरा.

आता सगळ्यात घातक प्रकार. एफसिंकने एरर दिली, आपण परत कॉल केला, यश आलं, आणि आपण निश्चिंत! लिनक्समध्ये पहिल्या एररनंतर पेज कॅशमधली ती पानं, म्हणजे डेटाचे तुकडे, 'लिहून झाली' अशी मार्क होऊ शकतात, म्हणून दुसरा कॉल यशस्वी दिसतो आणि डेटा मात्र गेलेला असतो. २०१८ मध्ये पोस्टग्रेसक्यूएलवाल्यांच्या हे लक्षात आलं, आणि २०१९ पासून त्यांचा डेटाबेस अशा वेळी सरळ बंद पडून बदलांच्या लॉगमधून रिकव्हर होतो. आपणही एरर आली की तो डेटा लिहिलाच गेला नाही असं धरायचं.

आणि टेस्ट करताना नुसती प्रोसेस किल करून बघू नका, प्रोसेस मेली तरी पेज कॅश शाबूत राहतो आणि सगळं ठीक वाटतं. मी आता व्हर्च्युअल मशीनमध्ये सेव्ह चालू असतानाच मशीन पॉवर ऑफ करतो, मग फाईल उघडून बघतो, आणि असं वीसपंचवीस वेळा केल्याशिवाय काकांकडे नवीन व्हर्जन टाकत नाही.