घरच्या कॅसेटची प्रत: कशी काढायची, कुठवर चालते

विकत घेतलेल्या कॅसेटमधली गाणी स्वतःच्या मोबाइलवर घ्यायला हरकत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये खासगी वापरासाठी उचित सवलत आहे आणि 2012 च्या दुरुस्तीपासून ती ध्वनिमुद्रणांनाही लागू आहे.

सोलापूरच्या उन्हात माळ्यावर तापलेल्या कॅसेटमध्ये टेपला हेडवर (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) दाबून धरणारी फेल्टची चकती गोंद सुटून पडते आणि आवाज दबका येतो. ती आधी तपासा. मग टेप एकदा शेवटपर्यंत पुढे, पुन्हा मागे गुंडाळा. चिकटलेले वेढे सुटतात. डेकचं, म्हणजे कॅसेट प्लेअरचं, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. इथल्या धुळीत हे दर दोन-तीन कॅसेटनंतर करावंच.

डेकच्या हेडफोन जॅकमधून 3.5 मिमीची स्टीरिओ वायर संगणकाच्या लाइन-इनला, म्हणजे बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या जॅकला, जोडा. लॅपटॉपला एकच जॅक असेल तर आत जाणारा आवाज बहुधा माइकचा, मोनो असतो. त्यात गाणं फाटतं. त्यासाठी स्टीरिओ लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट ठेवा आणि सर्वांत मोठा आवाज उणे 6 डेसिबलवर थांबेल असा डेकचा आवाज लावा. लेव्हल शून्याला टेकली की कापला गेलेला आवाज नंतर परत मिळत नाही. वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे 10 एमबी, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटला 600 एमबी.

ही प्रत घरापुरती. पेन ड्राइव्ह भरून विकले तर कलम 63 खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर फुकट वाटणं हाही खासगी वापर नव्हे. नवी पेठेतल्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी गाणी लावायची तर परवाना लागतोच, तोही दोन बाजूंनी: शब्द-चालीसाठी आयपीआरएस या संस्थेचा, ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल या संस्थेचा किंवा त्या कंपनीचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा. कॅसेट विकत घेतलेली आहे, हे उत्तर तिथे चालत नाही.

लग्नाचं वेगळं. वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ याच कलम 52 ने मोकळे ठेवलेत. केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने 24 जुलै 2023 च्या सूचनेत ते पुन्हा सांगितलं. कार्यालयाचा मॅनेजर परवाना मागत असेल तर तीच सूचना छापून दाखवा. त्याच हॉलमधल्या 31 डिसेंबरच्या तिकीट पार्टीला मात्र ती उपयोगाची नाही.