न्यायला कोण येणार?

सैनिक कुटुंबांच्या मुलांचं पाळणाघर मी सांभाळते. एका संध्याकाळी ४ वर्षांच्या एका मुलीला न्यायला कुणीच येईना. बाबा तैनातीवर, आई अचानक ड्युटीवर अडकलेली. शेवटी शेजारीण आली, पण तिचं नाव फॉर्मवर नव्हतं, त्यामुळे मुलीला तिच्याबरोबर सोडता येईना. मुलगी दाराकडे बघत रडत राहिली. माझा जीव तुटत होता.

त्या रात्री सगळे फॉर्म काढून बसले तेव्हा खरी गोम कळली. पर्यायी नावं होती, पण बहुतेक त्याच तुकडीतल्या सहकाऱ्यांची! तुकडीला बोलावणं आलं की आईबाबांबरोबर तेही निघणार.

आता किमान २ नावं तुकडीबाहेरची लागतात, त्यातलं एक सैन्यात नसलेल्याचं. तैनातीचा हुकूम आला की फॉर्म नव्याने भरायचा. चेहरा ओळखीचा असला तरी ओळखपत्र बघतोच. काहींना हे जाचक वाटतं, मला नाही.

शिवाय यादीतल्या प्रत्येकाने आधी एकदा येऊन मुलाशी खेळून जायचं. घाईच्या दिवशी लेकराला परका हात धरावा लागू नये.

परवा त्याच मुलीची आई पुन्हा अडकली. शेजारीण दारात दिसताच मुलगी धावत सुटली.