स्टॅन्ली बंदरात एक दिवस उतरण्याची तयारी

स्टॅन्लीसाठी तयारी करताना सर्वांत आधी वाऱ्याचा विचार करावा. दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटांच्या या राजधानीत मोठी क्रूझ जहाजे धक्क्याला लागत नाहीत. ती पोर्ट विल्यम या बाहेरच्या उपसागरात नांगर टाकतात आणि तेथून प्रवाशांना टेंडर बोटींतून, ‘द नॅरोज’ नावाच्या चिंचोळ्या तोंडातून आत, गावाच्या मधोमध असलेल्या जेट्टीवर आणले जाते. वारा वाढला की या बोटी चालवता येत नाहीत आणि कप्तान उतरणे रद्द करतो. असे या बंदरात वारंवार घडते. त्यामुळे सहलीचे पैसे भरण्यापूर्वी, जहाज थांबलेच नाही तर ते परत मिळतील का, हे लेखी विचारून घ्यावे.

बोटीत चढण्याची तयारी वेगळीच. बोट जहाजाच्या फलाटाला टेकलेली दिसते, पण लाटेबरोबर ती वीतभर वर येते आणि तितकीच खाली जाते. खलाशी दोन्ही बाजूंनी दंड धरतात, योग्य क्षणी खूण करतात आणि तेव्हाच पाऊल टाकायचे असते. म्हणून दोन्ही हात मोकळे राहतील अशी पाठीवरची पिशवी घ्यावी, कॅमेरा गळ्यात लोंबकळू देऊ नये आणि बुटांचा तळवा ओल्या लोखंडावर न घसरणारा असावा. व्हीलचेअर किंवा काठी वापरणाऱ्यांनी आदल्या दिवशीच जहाजाच्या स्वागतकक्षात बोलून ठेवावे, कारण समुद्र खवळलेला असेल तर त्यांना बोटीत घेतले जाईलच असे नाही. जहाजाचे ओळखपत्र आतल्या खिशात, चेन लावून ठेवावे. बोटीत पाणी उडते, तेव्हा औषधे आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले बरे.

जहाजांचा हंगाम ऑक्टोबरपासून सुमारे मार्च-एप्रिलपर्यंत असतो, म्हणजे तिथला वसंत आणि उन्हाळा. उन्हाळा या शब्दाने फसू नये. भर जानेवारीतही दुपारचे तापमान साधारण 13 ते 15 अंशांपर्यंतच जाते, आणि एका तासात ऊन, पाऊस, गार वारा हे सगळे होऊन जाते. एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ थर आणि त्यावर वारा-पाऊस अडवणारे जॅकेट अधिक उपयोगी पडते. छत्री जहाजावरच ठेवावी, ती वाऱ्यात टिकत नाही. गारव्यामुळे ऊन जाणवत नाही, तरी त्वचा भाजते, म्हणून सनस्क्रीन आणि काळा चष्मा विसरू नये.

उतरण्याच्या आदल्या रात्री बूट नीट तपासावेत, असा माझा आग्रह आहे. तळव्याच्या खाचांत सुकलेली माती असते, आणि जॅकेटच्या मनगटावरच्या वेल्क्रोत मागच्या बंदरातले गवताचे बी अडकलेले असते. ते दातांच्या जुन्या ब्रशने आणि टाचणीने काढता येते. या बेटांवर परकी झाडे पसरणे हा गंभीर प्रश्न आहे आणि 2023 मध्ये पक्ष्यांचा फ्लूही तेथे पोहोचला, तेव्हा ही दहा मिनिटांची स्वच्छता आपण ज्यांना पाहायला जातो त्या पक्ष्यांसाठीच आहे. त्याच कारणाने जहाजावरची ताजी फळे, भाज्या किंवा मांसाचे पदार्थ किनाऱ्यावर नेऊ नयेत.

पैशांची तयारी सोपी आहे. फॉकलंड पौंड ब्रिटिश पौंडाच्या बरोबरीचा असून ब्रिटिश नोटा तेथे चालतात. बऱ्याच दुकानांत कार्ड आणि अमेरिकी डॉलरही घेतात. मात्र फॉकलंडच्या नोटा बेटांबाहेर वापरता येत नाहीत, म्हणून सुटे पैसे ब्रिटिश नोटांत मागावेत.

जेट्टीच्या तोंडाशीच पर्यटक माहिती केंद्र आहे. नकाशा, स्वच्छतागृह आणि सहलींची चौकशी ही सोय तेथे होते. सर्व बेटांची मिळून लोकसंख्या सुमारे साडेतीन हजार, आणि एका मोठ्या जहाजातून दोन हजारांहून अधिक माणसे येऊ शकतात, हे ध्यानात घेतले की उपाहारगृहांपुढच्या रांगांचे नवल वाटत नाही. पाण्याची बाटली जहाजावरूनच भरून न्यावी.

कोठे जायचे हे मात्र घरूनच ठरवून निघावे. राजा पेंग्विनांची बेटांवरील सर्वांत मोठी वसाहत व्हॉलंटियर पॉइंटला आहे. तेथे फोर बाय फोर गाडीने जायला सुमारे अडीच तास आणि यायला तितकेच लागतात, आणि शेवटचा टप्पा रस्ता नसलेल्या मऊ पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या ओलसर जमिनीवरून जातो. (स्टॅन्लीबाहेरच्या मोकळ्या मुलखाला स्थानिक लोक ‘कॅम्प’ म्हणतात, आपल्या तंबूंशी त्याचा संबंध नाही.) गाड्या मोजक्याच असल्याने जागा बऱ्याच आधी राखून ठेवावी, आणि पाठदुखी असणाऱ्यांनी हा बेत करू नये. त्यांच्यासाठी जिप्सी कोव्ह बरा. गावापासून सुमारे सहा किलोमीटरवरच्या या लहान खाडीत मॅगेलनिक पेंग्विन बिळांत राहतात. या भागातील 1982 च्या ब्रिटन-अर्जेंटिना युद्धातले सुरुंग 2020 मध्ये पूर्णपणे काढले गेले, तरी पायवाट सोडू नये, कारण पाय पडला की बीळ ढासळते. पेंग्विनांपासून किमान सहा मीटर अंतर ठेवावे आणि तो समुद्राकडे चालला असेल तर त्याची वाट अडवू नये. गाडीतून उतरताना दार दोन्ही हातांनी धरावे. वारा ते हिसकावून घेतो.

गावातच थांबायचे असेल तर रॉस रोडवर 1892 चे कॅथीड्रल आणि शेजारी निळ्या देवमाशांच्या जबड्यांची 1933 ची कमान आहे. पुढे ऐतिहासिक गोदीतले संग्रहालय पाहण्यास दीड-दोन तास हवेत.

परतीची वेळ कागदावर लिहून ठेवावी आणि घड्याळ जहाजाच्या वेळेशी जुळवावे. स्वतः ठरवलेल्या गाडीमुळे उशीर झाला तर जहाज थांबत नाही, आणि चिलीकडे जाणारे नियमित प्रवासी विमान आठवड्यातून एकदाच असते. म्हणून पासपोर्टची प्रत, विम्याचा कागद आणि आठवडाभर पुरतील इतकी औषधे पिशवीत असू द्यावीत. शेवटच्या बोटीच्या तासभर आधी जेट्टीवर यावे. तेथील रांगेत वारा थेट अंगावर येतो, तेव्हा टोपी आणि हातमोजे बोटीत बसेपर्यंत काढू नयेत.