पोरीची फी क्विंटलमध्ये मोजा

८ डिसेंबर २०२३ ची सकाळ. लाल कांद्याची ट्रॉली आदल्या रात्रीच भरून अंगणात उभी होती. लासलगावच्या कांदा बाजाराला निघणार तेवढ्यात दिराचा फोन आला, "वहिनी, ट्रॉली हलवू नका. निर्यात बंद केली, लिलाव होईनात." थोरलीच्या फार्मसीच्या फीचा दुसरा हप्ता, ३८,००० रुपये, त्याच ट्रॉलीवर धरला होता. काही दिवसांपूर्वी शेजाऱ्यांना क्विंटलला ३,४०० भाव मिळाला होता. आमचा माल विकला गेला तेव्हा पट्टीवर, म्हणजे बाजारातून मिळणाऱ्या विक्रीच्या हिशोबाच्या कागदावर, १,८६० लागले.

त्या रात्री सासूबाई म्हणाल्या, "एक वर्ष राहू दे घरी. पुढच्या वर्षी बघू." त्या वाईट नाहीत, पोरीवर त्यांचा जीव आहे. पण हे "पुढच्या वर्षी" मी अकरावीत ऐकलं होतं. त्या साली आमच्या टोमॅटोला तोडणीची मजुरी निघेल एवढाही भाव नव्हता, आणि मी शाळेतून निघाले ती निघालेच. पुढे दोन लेकरं झाल्यावर मुक्त विद्यापीठातून पूर्वतयारीचा अभ्यासक्रम केला, मग बी.ए. झाले. थोरलीचा हप्ता आम्ही बचत गटातून उचलून भरला. त्यानंतर मी जी हिशोबाची रीत बसवली, ती गटातल्या बायकांना रविवारी शिकवते. निफाड, चांदवड, येवला, सिन्नर, कुठल्याही कांद्याच्या घरात ती चालेल.

सुरुवात पट्टीपासून करा. बहुतेक घरांत ती सदऱ्याच्या खिशात राहते आणि धुण्यात जाते, म्हणून माणूस बाजारातून आला की पाण्याच्या तांब्याबरोबर पट्टी मागून घ्या. आधी वजन बघा: भरलेल्या ट्रॉलीचं आणि रिकाम्या ट्रॉलीचं, दोन्ही काट्यांची वजाबाकी स्वतः करा. मग भाव. मग कपात. आमचा माल विकला त्या दिवसाची पट्टी अशी होती: २४ क्विंटल, भाव १,८६०, म्हणजे ४४,६४०. हमाली-तोलाई १९० गेली. पट्टीवर नसलेलं ट्रॅक्टरचं भाडं २,५०० होतं. हातात राहिले ४१,९५०. त्याला २४ ने भागा, क्विंटलला १,७४८ येतात. बाजारातला भाव हा आपला भाव नसतो, हे बायकांना याच वजाबाकीत पहिल्यांदा दिसतं.

आता खर्च. बियाणं, रोप, लागणीची मजुरी, खत, फवारणी, काढणी सगळं लिहिलं तर माझ्या वहीत त्या हंगामाला क्विंटलमागे १,४०० आले. (घरच्यांची मजुरीही धरा. बायका स्वतःचे दिवस धरतच नाहीत, आणि मग नफा दिसतो तो त्यांच्याच घामाचा असतो.) १,७४८ मधून १,४०० गेले, उरले ३४८.

आता ३८,००० ला ३४८ ने भागा. १०९ क्विंटल. साडेचार ट्रॉल्या! तेच ३,४०० भाव असता तर तेवढाच खर्च जाऊन १,८८८ उरले असते आणि फी २० क्विंटलमध्ये निघाली असती. फी एक रुपयाने वाढली नव्हती, पोरीचे मार्कही कमी झाले नव्हते. फक्त कांद्याचा दूर देशाचा रस्ता बंद झाला होता. म्हणून मी सांगते, फी रुपयांत मोजू नका, क्विंटलमध्ये मोजा. मग भाव पडला की पोरीचं शिक्षण महागलं, हे घरातल्या म्हाताऱ्यालाही कळतं, आणि ती "ओझं" आहे असं कोणी म्हणत नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर सरकारी निर्णयांच्या तारखा लिहा. माझ्या पानावर हे आहे: २९ सप्टेंबर २०१९, निर्यातबंदी, उठली १५ मार्च २०२० ला. १४ सप्टेंबर २०२०, पुन्हा बंदी, १ जानेवारी २०२१ पासून मोकळी. १९ ऑगस्ट २०२३, निर्यातीवर ४० टक्के शुल्क. ८ डिसेंबर २०२३, बंदी. ती ४ मे २०२४ ला उठली, पण टनाला किमान ५५० डॉलर भाव आणि वर ४० टक्के शुल्क ठेवून. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान भावाची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. आता बंदी आणि शुल्क लागले ते महिने बघा. ऑगस्ट, सप्टेंबर, डिसेंबर. चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, ठेवलेला उन्हाळ कांदा संपत येतो, नवा लाल पुरेसा आलेला नसतो, शहरात भाव चढतो आणि दिल्लीला घाम फुटतो.

यात शहरातल्या माणसाला शिव्या देऊ नका. माझी नणंद नाशिकच्या अंबडला एका कंपनीत पॅकिंगला आहे. कांदा ६० रुपये किलो झाला की ती अर्धा किलोच घेते, आणि तिच्या पोराच्या ट्यूशनचा महिना लांबतो. एकाच घरातल्या दोघी आम्ही, एकीचा भाव चढला की दुसरीचं पोर अडतं. बंदी घालणाऱ्यांनी तिचा विचार केला हे मला मान्य आहे. पण तिला स्वस्त कांदा द्यायचा तर त्याचा भार सगळ्यांनी उचलायचा. तो माझ्या एकटीच्या पोरीच्या फीतून का?

तर, आमच्याकडचा नियम आषाढीचा आहे. एकादशीच्या आत वर्षाच्या फीपुरता कांदा विकून टाकायचा आणि पैसे पोरीच्या नावाच्या खात्यात घालायचे. "थांबा, दिवाळीला भाव येईल" असं घरातले म्हणतील. येईलही. पण आमच्या चाळीत मे महिन्यात १०० क्विंटल भरले तर ऑक्टोबरला ६५-७० च निघतात, बाकी सड, कोंब आणि घट. भावाचा जुगार उरलेल्या मालावर खेळा, फीच्या मालावर नाही.

दाखल्यांची कामं मेमध्येच उरका. जूनमध्ये सेतूत पाय ठेवायला जागा नसते. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, लागत असेल तर नॉन-क्रिमीलेयर. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, मराठा आरक्षण गटातल्या आणि ओबीसी मुलींना, शासनाच्या प्रवेश फेरीतून प्रवेश घेतला असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. तरीही एका कॉलेजने आमच्याकडे पूर्ण फी मागितली. मी शासन निर्णयाची प्रत पुढे ठेवली आणि "नकार लेखी द्या" म्हटलं. अर्ध्या तासात पावती मिळाली. आवाज चढवावा लागला नाही. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पासही मोफत आहे, तो काढा. शाळा लांब आहे म्हणून बंद झालेल्या मुली माझ्या पाहण्यात फीमुळे बंद झालेल्यांपेक्षा जास्त आहेत.

आणि कोर्स निवडताना एक बघा: घरातली सगळी कमाई कांद्यावर असेल, तर निदान एका लेकराचं काम त्यापासून वेगळं असू द्या. सातपूरच्या आयटीआयमधून फिटर किंवा इलेक्ट्रिशियन करून अप्रेंटिसशिपला लागलेल्या पोराला शिकतानाच विद्यावेतन मिळतं. ज्या महिन्यात लिलाव बंद, त्या महिन्यात त्याचे पैसे चालू.

राहिली ती लेकरं, जी आपल्या हिशोबात येतच नाहीत. कांद्याच्या लागणीला सुरगाणा-पेठ तालुक्यांकडून मजूर माणसं येतात. मोठी बहीण बांधावर धाकट्याला घेऊन बसते, आठ-नऊ वर्षांची असते. तिला गावच्या शाळेत घाला. दाखला नाही म्हणून शाळेला तिला परत पाठवता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वयाप्रमाणे वर्गात घ्यावंच लागतं. धाकट्याला अंगणवाडीत सोडा, म्हणजे तिचे हात मोकळे होतात. हे शेतमालकिणीनेच करायचं, कारण आई वाफ्यात वाकलेली असते आणि शाळेची वेळ तीच असते. आमच्या शेतावरची पोरगी दीड महिना शाळेत गेली. परत जाताना शाळेतून शिक्षण हमी कार्ड (पुढच्या गावच्या शाळेत दाखवायचं) मागून घ्या, ते तिच्या आईच्या हातात पडल्याशिवाय पिकअप हलू देऊ नका.