पेलेटचा आख्खा लॉट घेण्याआधी

रेंजवर नवीन आलेले पालक हमखास विचारतात, "मॅडम, परदेशात म्हणे घरीच काडतुसं भरतात. तसा सेट मागवू का?" नका मागवू. शस्त्र कायदा, 1959 प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. आणि तुमच्या पोराच्या एअर रायफलीत दारू असतेच कुठे? स्वप्निल कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटरमध्ये कांस्य घेतलं, ती .22 ची गोळीसुद्धा रिमफायर, म्हणजे पेटवणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत असलेली. ती पुन्हा भरायची नसते. मोठे नेमबाज वेगवेगळे लॉट, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या गोळ्या, आपल्या नळीतून मारून बघतात आणि चालेल तो लॉट उचलतात. आपणही तेच करायचं, फक्त पेलेटच्या, म्हणजे एअर रायफलीच्या शिशाच्या छोट्या गोळ्यांच्या, डब्यांवर.

आधी हिशेब बघा. 10 मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि पेलेट 4.5 मिमीचं. मध्यापासून पाव मिलिमीटर सरकलात की दशांश गुण गेला. म्हणजे पेलेटमुळेच मार एक मिलिमीटर हलला तर 0.4 गुण गेले, पोराची काही चूक नसताना.

पहिला खर्च हेड साइझवर, म्हणजे पेलेटच्या डोक्याच्या मिलिमीटरमधल्या व्यासावर. मॅच पेलेटच्या डबीवर 4.49, 4.50, 4.51 असा आकडा असतो. मित्राला 4.50 चालतं म्हणून तुम्हाला चालेलच असं नाही, प्रत्येक नळीची आवड वेगळी. क्लबात ज्यांच्याकडे जे आहे त्यातलं थोडं थोडं मागून घ्या, लाजू नका. रायफल शिकंज्यात घट्ट बसवा, तिच्या हवेच्या सिलिंडरचा दाब सारखा ठेवा आणि प्रत्येक आकाराच्या दहा-दहा गोळ्या कोऱ्या कार्डावर मारा. दहांचं मिळून झालेलं भोक बाहेरून 6 मिमीच्या आसपास आलं तर उत्तम. भोक लांबट झालं तर लगेच पेलेटला दोष देऊ नका, आधी शिकंजा तपासा. स्प्रिंगवाली रायफल मात्र शिकंज्यात आवळू नका, तिचा झटका वेगळा असतो आणि निकाल फसवा येतो.

एक आकार पुढे निघाला की तोच लॉट नंबर, सीझनभर पुरेल एवढा, एकदम घ्या. पुढच्या लॉटला आकडा तोच असला तरी चाचणी पुन्हा करायची.

वजनकाट्याचं वेड उगाच वाढलंय. रायफलचं पेलेट साधारण 0.53 ग्रॅमचं आणि चांगल्या डबीत फरक काही मिलिग्रॅमचाच, त्यामुळे 0.01 ग्रॅमवाला स्वस्त काटा सगळ्यांचं वजन सारखंच दाखवतो. घ्यायचाच असेल तर सराफ बाजारात वापरतात तसा 0.001 ग्रॅमचा, काचेच्या झाकणाचा घ्या आणि तोलताना पंखा बंद ठेवा. माझं विचाराल तर ते पैसे आधी आणखी चार डब्यांवर घाला.

त्यापेक्षा नजर वापरा. मूठभर पेलेट मऊ फडक्यावर पसरा आणि एकेक उजेडात फिरवा. मागची कड, म्हणजे स्कर्ट, चेपलेली किंवा अंडाकृती दिसली की ते सरावाच्या डबीत टाका. डबी हातातून पडली असेल तर सगळीच बघा. पावसाळ्यात डबी उघडी राहिली तर शिशावर पांढरी भुकटी धरते. असली पेलेट मॅचला नकोत.

आणि हे काम डायनिंग टेबलावर नको. शिसं आहे ते. पोरांना साबणानं हात धुवायला लावा, मगच वडापाव.